माहेरच्या नावानं खेळलेल्या मुली

खडकीतल्या आमच्या महिला हॉकी क्लबला पन्नास वर्षं होत आली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहासाची पानं माझ्याकडे आली. तेव्हा क्लबकडे होतं ते एवढंच: नोंदणी प्रमाणपत्राची एक झेरॉक्स, करंडकांनी भरलेली पत्र्याची पेटी आणि भिंतीवर टांगलेला संघाचा एक कृष्णधवल फोटो. फोटोखाली नावं नव्हती. मी याच क्लबकडून लेफ्ट हाफला, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे, खेळले, पण फोटो माझ्या आधीच्या पिढीचा. त्यातल्या तिघी-चौघींनाच मी चेहऱ्यानं ओळखत होते.

समितीची अपेक्षा दोन पानांची होती. स्थापना, आजवरचे अध्यक्ष, जिंकलेल्या स्पर्धा, आभार. अशा स्मरणिका मी पुष्कळ चाळल्या आहेत आणि त्यांत खेळाडू कधी सापडत नाहीत, हीच माझी तक्रार आहे. म्हणून मी समितीला सांगितलं, की या क्लबकडून जी जी मुलगी खेळली तिचं नाव छापायचं. मला इतिहास म्हणून तेवढंच हवं होतं. बाकी सगळं त्या यादीच्या मागे मागे आलं.

खडकीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं गावाबद्दल. इथला दारूगोळा कारखाना 1869 चा. शेजारी बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचं, केंद्र, लष्कराची मोठमोठी मैदानं, आणि कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये मराठी, तमिळ, तेलुगू, ख्रिश्चन कुटुंबं भिंतीला भिंत लावून राहणारी. अशा ठिकाणी हॉकी रुजली नसती तरच नवल. धनराज पिल्ले इथलाच. मोठ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका बांधून घेऊन तो खेळायचा, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मुलांच्या हॉकीचं असं सगळं तोंडपाठ. त्याच मैदानांवर मुलीही खेळत होत्या. त्यांच्याबद्दल विचारलं की मात्र “हो, छान खेळायच्या” एवढं बोलून माणसं गप्प होतात.

सुरुवात कागदांपासून केली, कारण कागद एका जागी मिळतात असा माझा समज होता. आपल्याकडे बहुतेक क्लब दोन कायद्यांखाली नोंदलेले असतात: 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. दुसऱ्याखालचा नंबर ‘एफ’नं सुरू होतो. तो नंबर हाताशी असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नक्कल अर्ज करून मूळ घटना, नियमावली आणि परिशिष्ट एकचा उतारा मागता येतो. मंडळ बदललं की दर वेळी चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, तेही त्याच फायलीत लागलेले असतात. म्हणजे कोण कधी अध्यक्ष, कोण कधी खजिनदार, हे ओळीनं मिळतं. ज्यांना आपल्या मंडळाचा किंवा क्लबचा इतिहास लिहायचा आहे त्यांनी ही फाईल पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

आमची फाईल हातात आली तेव्हा मी आधी सह्या पाहिल्या. संस्था स्थापन करायला कायद्यानं किमान सात जण लागतात. आमच्या सात जणांत सहा पुरुष. सातवी सही एका बाईंची, नावापुढे व्यवसाय ‘घरकाम’. महिलांच्या हॉकी क्लबच्या स्थापनेच्या कागदावर खेळणाऱ्या एकाही मुलीचं नाव नाही.

त्या सहा पुरुषांबद्दल मला अनादर नाही. कुणी कारखान्यात फोरमन, कुणी सैन्यातून निवृत्त, तर कुणी खेळाडूंचे वडील नाही तर थोरले भाऊ. मैदानाची परवानगी त्यांनी आणली, जिल्हा संघटनेशी पत्रव्यवहार त्यांनी केला, बाहेरगावच्या सामन्यांना सोबत कुणी जायचं हा प्रश्न त्यांनी सोडवला. त्या काळात हे कुणी केलं नसतं तर मुली घरीच राहिल्या असत्या. पण नोंदणी झाली तेव्हा मुली आधीच काही वर्षं खेळत होत्या. स्पर्धेत उतरायचं तर क्लब रीतसर नोंदलेला हवा, असा आग्रह सुरू झाल्यावर वडीलमंडळी एकत्र बसली आणि कागद झाला. कागदावरचं साल म्हणूनच खेळाचं साल नव्हे.

मग खेळ सुरू कुणी केला? हे मला एका निवृत्त बाईंनी सांगितलं. त्या शाळेत पीटी शिकवायच्या, सगळ्या त्यांना अजून ‘मिस’च म्हणतात. मुली मॅट्रिक झाल्या की शाळेचा संघ सुटायचा. पुढे खेळायला जागाच नसायची. “पास झालेल्या पोरी संध्याकाळी परत यायच्या आणि म्हणायच्या, मिस, फक्त स्टिका द्या, बॉल आमचा आम्ही आणतो. मी हेडमिस्ट्रेसना न विचारता खोलीची किल्ली द्यायचे.” क्लबची स्थापना ही अशी झाली. किल्ली देणारी एक आणि मागणाऱ्या आठ-दहा जणी.

साल मात्र मिसना आठवेना. ते दुसऱ्या वाटेनं मिळालं. फोटोतल्या एक अक्का बोलता बोलता म्हणाल्या, की त्या जुन्या अकरावी मॅट्रिकच्या शेवटच्या बॅचच्या. आपल्या राज्यात दहावीची पहिली परीक्षा आणि जुन्या अकरावीची शेवटची, दोन्ही 1975 मध्ये झाल्या. अक्का आल्या तेव्हा त्यांच्या आधीच्या दोन बॅचच्या मुली क्लबमध्ये होत्या. म्हणजे खेळाची सुरुवात 1975 च्या अलीकडे येताच येत नाही. फ्रान्समध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि भारत चौथा आला ते साल 1974. त्याच सुमारास खडकीत या मुली किल्ली मागत होत्या.

फोटोचं वय ठरवणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. फ्रेममधून काढल्यावर मागे स्टुडिओचा शिक्का आणि पाच आकडी फोन नंबर दिसला, तेवढ्यानंच तो बराच जुना हे कळलं. पेटीच्या तळाशी आणखी फोटो निघाले, त्यांतला एक चालू सामन्याचा. मधोमध दोघी समोरासमोर वाकलेल्या, स्टिका जमिनीवर टेकवलेल्या, मध्ये बॉल. ही बुली. जमिनीवर आणि एकमेकींच्या स्टिकेवर आळीपाळीनं टेकवून सामना सुरू करायची ही पद्धत 1981 मध्ये गेली आणि सेंटर पास आला, म्हणजे मधून एका संघानं पास देऊन सुरुवात करायची. मैदान मोकळं, दोन्ही संघ आपापल्या अर्ध्यात, म्हणजे ही सामन्याची किंवा गोलनंतरची सुरुवातच. म्हणून सामन्याचा हा फोटो 1981 च्या आधीचा.

स्टिकासुद्धा बोलतात. खूप जुन्या फोटोंत स्टिकेचं नाक लांब असतं, इंग्रजी वळणाचं. आपल्याकडच्या कारागिरांनी तुतीच्या लाकडाला आखूड, घट्ट वळण दिलं आणि त्यावर भारताचा सारा ड्रिबलिंगचा खेळ उभा राहिला. आमच्या सगळ्या फोटोंत आखूड नाकच आहे. गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, पायांवर वेताच्या पट्ट्यांचे, कॅनव्हासचे पॅड. फोमचे जाड किकर दिसले की समजायचं, आपण माझ्या काळात आलो.

करंडकांबाबत एक सूचना कळकळीनं करते. वाचल्याशिवाय पॉलिश करू नका. कोरलेली अक्षरं आधीच झिजलेली असतात, घासली की उरलीसुरली जातात. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की डोळ्यांना न दिसणारं सालसुद्धा कागदावर उठतं. आमच्या एका ढालीवर अशा रीतीनं कप्तानाचं नाव मिळालं. फोटोही घरोघरी जाऊन फोनवर काढले, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो उचकटायचे नाहीत, फाटतात. पानासकट फोटो घ्यायचा.

आता नावं. इथे खरी अडचण सुरू झाली.

ढालीवर, जुन्या कात्रणांत, मिसच्या वहीत जी नावं होती ती माहेरची. त्या नावांच्या बायका आज जगात कुठेच नाहीत. मतदार यादीत नाहीत, फोनमध्ये नाहीत, सोसायटीच्या पाटीवर नाहीत. काहींची सासरी पहिली नावंही बदललेली. मुलांच्या क्लबचा इतिहास लिहिणाऱ्याला ‘जोसेफ’ किंवा ‘शिंदे’ शोधायचा असतो आणि तो पन्नास वर्षांनीही जोसेफ किंवा शिंदेच असतो. आम्हाला आधी लग्न शोधावं लागत होतं. कुठल्या गावी दिली, कुणाच्या नात्यात, नवरा रेल्वेत की कारखान्यात. क्वार्टर्समधल्या म्हाताऱ्या आया इथे सगळ्यांत उपयोगी पडल्या. त्यांना हॉकीचा एकही स्कोअर ठाऊक नव्हता, पण कुणाची मुलगी सिकंदराबादला, कुणाची दौंडला, हे सगळं त्यांच्या तोंडावर.

हे फक्त आमच्या छोट्या क्लबचं नाही. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखाली भारत चौथा आला. त्या संघाच्या यादीत रेखा मुंडफन हे नाव आहे. पुण्यातल्या हॉकीवाल्यांना त्या रेखा भिडे म्हणून माहीत. ऑलिंपिकपटूच्या बाबतीत हा दुवा कुणीतरी सांगतं, छापतं. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गोल करून दुसऱ्या वर्षी लग्न होऊन गेलेल्या मुलीचा दुवा कुणी सांगायचा?

उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळालं. या बायकांनी खेळाची आठवण म्हणून फारसं काही जपलेलं नव्हतं. स्टिका भावांनी नेल्या, ब्लेझर भाचीला गेला. पण प्रमाणपत्रं जवळजवळ सगळ्यांकडे होती, आणि तीही प्लास्टिकच्या फायलीत, घराच्या कागदांसोबत. कारण त्या प्रमाणपत्रांवर नोकरी लागली होती, किंवा लागेल अशी आशा होती. रेल्वेच्या खेळाडू कोट्यात राज्याकडून खेळल्याचा पुरावा लागायचा. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, नोकरीत सासरचं, म्हणून त्याच फायलीत लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्रातलं कात्रणही असायचं. दोन्ही नावं, तारखेसकट, एका फायलीत! हे लक्षात आल्यावर मी कुणाकडेही गेले की अल्बम मागायच्या आधी ‘सर्टिफिकेटची फाईल’ मागू लागले. यादीतले बहुसंख्य दुवे तिथे जुळले.

फाईल उघडली की बाई बोलायला लागायची. हाही एक धडा. “तुमचा अनुभव सांगा” म्हटलं की “कसला अनुभव, आम्ही आपलं खेळायचो” यापुढे गाडी जात नाही. त्याऐवजी मी विचारायचे, मैदानावर कशा यायच्या? कपडे कुठे बदलायच्या? सामना संपल्यावर काय खायच्या? मग सगळं यायचं. घरून सलवार-कमीज किंवा परकर-पोलकं घालून निघायचं, मैदानाजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या घरी स्कर्ट चढवायचा, परतताना पुन्हा उलट. त्या मैत्रिणीची आई भिजवलेले हरभरे आणि गूळ ठेवायची. त्या आई आता नाहीत, पण त्यांचं नाव आम्ही यादीत घातलं आहे.

जमेल तिथे दोघींना एकत्र बसवलं. एकटी असली की बाई आपली कामगिरी कमी करून सांगते, दुसरी ते चालू देत नाही.

“मी काही विशेष नव्हते गं, राइट आउटला उभी असायचे नुसती.”

“उभी? अगं, नाशिकला तो गोल कुणी केला? ताई, हिचं ऐकू नका. हिच्यामागे धावून त्यांच्या बॅकला दम लागला होता.”

“पाऊस पडला होता, बॉल घसरला.”

“पाऊस सगळ्यांसाठी पडला होता.”

हा संवाद मी स्मरणिकेत जसाच्या तसा घेतला.

आठवणींत सारखं येणारं दुसरं साल म्हणजे 1982. दिल्लीच्या आशियाई खेळांत महिला हॉकी पहिल्यांदा आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. कप्तान एलिझा नेल्सन, पुण्यात जन्मलेल्या. त्याच स्पर्धेत पुरुषांचा संघ अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून 1-7 असा हरला. लोकांनी तो पराभव जन्मभर लक्षात ठेवला आणि मुलींचं सुवर्ण विसरले, याचा मला आजही राग येतो. खडकीत मात्र त्यानंतर आया स्वतःहून मुलींना घेऊन मैदानावर आल्या, हे मला वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या भाषांत ऐकायला मिळालं. माझी स्वतःची आईही त्यांतलीच.

वर्तमानपत्रांचे जुने खंड चाळणं हे सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत कमी फळाचं काम ठरलं. एका ग्रंथालयात खंड बांधणीला गेल्याचं सांगून बरेच दिवस फिरवलं, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. जे मिळालं ते बहुधा दोन ओळींचं: अमुक संघाची तमुक संघावर मात, गोल फक्त आडनावानं. तरी त्या दोन ओळींना मोल होतं, कारण त्यांना तारीख होती. आठवणीतला सामना आणि छापील तारीख जुळली की मी वहीत हिरवी खूण करायचे. न जुळलेलं पेन्सिलनं ठेवलं. स्मरणिकेतही ते ‘सांगण्यावरून’ असं वेगळं छापलं. समितीत एक-दोघांना ते रुचलं नाही, त्यांच्या मते सगळं ठाम लिहायला हवं होतं. मी ऐकलं नाही. ज्या बायकांबद्दल आजवर काहीच लिहिलं गेलं नाही, त्यांच्याबद्दल पहिल्यांदा लिहिताना कच्चं घालणं मला पटत नाही.

नव्वदनंतरचा भाग लवकर लिहून झाला, कारण तो मी पाहिलेला आहे, आणि तो तितकासा आनंदाचाही नाही. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर, म्हणजे टर्फवर, गेली. आम्ही मुरमाच्या मैदानावर शिकलो, जिथे बॉल कधी उसळेल याचा नेम नसतो आणि म्हणून हात मऊ लागतात. 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, पिंपरीत नेहरूनगरला टर्फचं मेजर ध्यानचंद स्टेडियम. निवड टर्फवर व्हायला लागली. सकाळी साडेसहाला खडकीहून पीएमटीच्या बसनं टर्फ गाठायचं, परत येऊन शाळा-कॉलेज करायचं, हे ज्या घरांना झेपलं त्या मुली टिकल्या. 1998 मध्ये ऑफसाइडचा नियम गेला, खेळ आणखी वेगवान झाला. आमच्यासारख्या क्लबांत काही वर्षं अकरा जणी उभ्या करतानाही ओढाताण व्हायची. क्लब बंद पडला नाही, याचं श्रेय मी दोन माजी खेळाडूंना देते. त्यांनी पगारातून बॉल आणले आणि महापालिका शाळांतल्या मुलींना नेहरू हॉकीच्या स्पर्धांसाठी तयार केलं. चेंज रिपोर्टमध्ये त्यांची नावं अगदी अलीकडे आली.

आता सातारा जिल्ह्यातून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ अशा मुली भारताकडून खेळतात. टोकियोला 2021 मध्ये आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला 1-0 हरवलं तेव्हा क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर फोटोतल्या अक्कांनी रेकॉर्ड करून टाकलेला आवाज मी जपून ठेवला आहे. शब्द कळत नाहीत, तेलुगूत आहे आणि त्या ओरडत आहेत.

स्मरणिकेत नावं कशी छापायची यावर समितीच्या बैठकीत बराच वेळ गेला. कुणी म्हणालं, आजची नावं घाला, नाहीतर बायकांच्या घरच्यांना वाईट वाटेल. मी प्रत्येकीला स्वतः विचारून आले होते. एकीचा अपवाद सोडता सगळ्यांनी सांगितलं: ज्या नावानं खेळले ते आधी, आत्ताचं पुढे. मग तसंच छापलं. जिनं नको म्हटलं तिचं आजचंच नाव घेतलं. स्थापनेचं साल दोन ठिकाणी दिलं आहे, खेळाला सुरुवात आणि नोंदणी, वेगवेगळ्या ओळींत. सात सह्यांचा कागद एका पानावर, आणि समोरच्या पानावर मिसचा फोटो.

भिंतीवरच्या फोटोतल्या दोघींची नावं अजून लागलेली नाहीत. मागच्या रांगेत डावीकडून दुसरी आणि पुढे बसलेली, मांडीवर पॅड घेतलेली गोली. गोलीचं लग्न होऊन ती भुसावळकडे गेली एवढं तिघींनी सांगितलं, म्हणून पुढच्या महिन्यात भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जाते आहे. तिथल्या एका माजी खेळाडूनं जुन्या क्वार्टर्समध्ये विचारून ठेवायचं कबूल केलं आहे. यंदापासून क्लबच्या नोंदवहीत दर हंगामाचा संघ लिहिताना मुलीचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि शाळा असे तीन रकाने आम्ही आखले आहेत. वही मिसच्या नातीकडे असते, ती सध्या सेंटर हाफला खेळते.